शुक्रवारचा चिडचिड निर्देशांक

१ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून शास्त्रीय पद्धत. भावनेला थारा नाही.

समस्या: माझा मेहुणा जयदेव. मीनलचा मोठा भाऊ. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाला, आता वर्षअखेर क्वार्टर सोडायचंय. बायको वारल्यापासून एकटाच. अख्ख्या अंबरनाथमध्ये त्याला भाड्याने हवाय तो आमच्याच बिल्डिंगमधला २०३. बरोबर आमच्या खाली. मीनल म्हणाली, दादाला माझ्याशिवाय आहे कोण? तुम्हीच सेक्रेटरी आहात, एनओसी द्या आणि विषय संपवा.

विषय असा संपत नसतो. एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी, म्हणून माझाही वीकली ऑफ शुक्रवारी. हा माणूस नेमका त्याच दिवशी जेवायला येतो. माझ्या खुर्चीत बसतो, माझं शब्दकोडं पेनाने सोडवतो. आणि दर शुक्रवारी मीनलचं डोकं फिरलेलं असतं. एरवी संध्याकाळी मी कंपनीतून येतो तेव्हा बाई शांत. कारण उघड आहे. फक्त सिद्ध करायचंय, ३० तारखेच्या सोसायटी मीटिंगच्या आत. नुसतं 'मला नको' म्हटलं तर लोक म्हणतील खुन्नस आहे. खुन्नस आहेच. पण आकड्यांत मांडली की तिलाच निष्कर्ष म्हणतात.

२ नोव्हेंबर, रविवार
लेकीचं, राजसीचं, सायकॉलॉजीचं टेक्स्टबुक घेतलं. टी.वाय.ला आहे, पण पुस्तक नवंकोरं. (अभ्यासाबद्दल बोलणे. आज बोललो. रडली.)

नंतर तिने मलाच शिकवलं. म्हणाली, बाबा, दोन गोष्टी एकत्र घडतात म्हणजे एकामुळे दुसरी घडते असं नसतं, तिसरंच काहीतरी दोन्हींच्या मागे असू शकतं. मी तिला सांगितलं, पेंट कंपनीत एकोणीस वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय, बॅच का फसली ते वासावरून सांगतो. ती म्हणाली, मामा म्हणजे पेंट नाही. आईकडची बाजू बोलतेय.

मोजमाप ठरवलं. भांडं आपटलं: १ गुण. कपाटाचं दार आपटलं: १. नुसतं 'बरं' म्हणाली: २. अर्धा तास अबोला: ३. कमाल गुण दहा. कंपनीचं लॉगबुक आणलंय, रकाने आखले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिलं निरीक्षण. शुक्रवार म्हणून एमआयडीसीचं पाणी बंद, पण त्याचा विषयाशी संबंध नाही.

सकाळी ६.००: उठलो. मीनलला पिंप, बादल्या आणि हंडे कोणत्या क्रमाने वापरायचे ते समजावून दिलं. 'बरं' म्हणाली. २.
७.१५: किचनचं फाइव्ह-एस ऑडिट, म्हणजे प्रत्येक वस्तू नेमून दिलेल्या जागी आहे का ते बघणं. दर शुक्रवारी करतो. कंपनीत जमतं ते घरात का जमू नये? मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, लेबलं चिकटवली. भांडी आपटली, तीन. एकूण ५.
८.३०: चहात साखर जास्त असल्याचं निदर्शनास आणलं. दार, एक. 'बरं', एक. एकूण ८.

म्हणजे जयदेव यायच्या आधीच आठ! याला म्हणतात अपेक्षेचा परिणाम. येणार हे तिला माहीत होतं.

१२.३०: आला. हातात बारवी धरणाकडच्या कोणीतरी दिलेल्या वालाच्या शेंगा. त्यानंतर चार तासांत एकही गुण नाही. उलट दोघं सोलत बसली आणि मीनल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतकं हसणं नॉर्मल नाही. ताण फार झाला की माणूस असंच हसतो. चार तासांचा हा ताणही २ गुणांचा धरायला हवा, म्हणजे एकूण १०. धरला.

१० नोव्हेंबर, सोमवार
इतर दिवसांचे आकडे भरले. मी ड्युटीवर असतो म्हणून निरीक्षण नाही, अंदाजे १ धरला. जयदेवचं येणं आणि चिडचिड यांचा सहसंबंध काढला. ०.९४! कंपनीतला ज्युनियर केमिस्ट सोहम म्हणाला, सर, आधे आकडे तो आपने खुद डाले. त्याला दोनदा टायट्रेशन करायला लावलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आता खरा प्रयोग. कारण बदलून बघायचं. पुस्तकात लिहिलंय की कोणत्या वेळी बदल करायचा ते नशिबावर सोडावं. नाणं उडवलं. छापा: जयदेव येणार. काटा: येणार नाही. छापा पडला. पुन्हा उडवलं. छापा. तिसऱ्यांदा काटा. नशिबाने कौल दिला.

जयदेवला फोन करून सांगितलं, शुक्रवारी पेस्ट कंट्रोल आहे, दम्याच्या माणसाने येऊ नये. म्हणाला, तुम्ही माझ्या दम्याचा विचार केलात, गुरुदत्तराव, बरं वाटलं. याचा गोडपणाच मला सहन होत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पाणी बंद. जयदेव नाही. ऑडिट वेळेवर. आज फ्रिजही घेतला. खोबऱ्याच्या चटणीवर तारीख का नाही, एवढंच विचारलं.

सकाळी १०.००: ९ गुण.
११.००: मीनलने दादाला फोन केला. पेस्ट कंट्रोल कळलं.
११.०५: १०. स्केल संपलं.
दुपारी २.००: अजून अबोला. पुढचं मोजायला जागा नाही.

निष्कर्ष: तंबाखू एकदम सोडली की माणूस आणखी चिडतो, तसंच हे. व्यसन किती खोल गेलंय बघा. जयदेव आला तरी घातक, नाही आला तरी घातक. गृहीतक दोन्ही बाजूंनी सिद्ध.

१६ नोव्हेंबर, रविवार
राजसीने माझं लॉगबुक वाचलं! न विचारता. म्हणाली, बाबा, ज्याला निकाल आधीच हवा असतो त्याने मोजायचं नसतं. तुम्ही एक शुक्रवार घराबाहेर राहा, मी मोजते. मी सांगितलं, मी घरात असणं ही प्रयोगाची व्यवस्था आहे, तो व्हेरिएबल नाही. तिने माझ्याकडे बघत लॉगबुक मिटलं. आईसारखी बघते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
कस्टमरचं ऑडिट असल्याने कंपनीने सुट्टीच्या दिवशी बोलावलं. नाइलाजाने लॉगबुक राजसीकडे.

संध्याकाळी परत आलो. पाणी बंद होतं. जयदेव दहापासून पाचपर्यंत ठाण मांडून होता. राजसीच्या अक्षरात: ०.

सात तासांत शून्य? यंत्रसुद्धा एवढं शून्य दाखवत नाही. मीनल स्वतःहून म्हणाली, आज कसं निवांत गेलं. माझ्यासाठी बिरडं झाकून ठेवलं होतं. छान होतं. हे नोंदवायचं कारण नाही.

कारवाई: एखादा आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडला तर तो गाळतात, कंपनीतही गाळतो. गाळला. निरीक्षक मामाच्या बाजूची.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
पाणी बंद. मी घरी. जयदेव घरी. गुण ९, पैकी ८ तो यायच्या आधी. नेहमीप्रमाणे. ग्राफ तयार, लाल शाईत. रविवारी कोणाला तोंड उघडायला जागा ठेवणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
मीटिंग गच्चीवर. सगळे आले. जयदेवला बाहेरचा म्हणून बोलावलं नाही, पण मीनल पुढच्याच खुर्चीत.

ग्राफ लावला. नावं घेतली नाहीत, 'एक गृहिणी' आणि 'एक पाहुणा' म्हटलं. सिद्ध केलं की हा पाहुणा इमारतीच्या मानसिक आरोग्याला घातक आहे. खजिनदार शरदचंद्र म्हणाले, शास्त्रीय आहे हो. पाच सेकंद मी जिंकलो होतो.

मग तळमजल्याची गंगूबाई उठली. इथली मूळची, तिच्याच जमिनीवर बिल्डिंग उभी, त्यामुळे तिला कोणी बसवत नाही. म्हणाली, मना तुमचा ग्राफ-बिफ समजं नाय, पन शुक्रवारी तुमचे घरान जो आवाज चरतं तो एकाच मानसाचा, न तो पावना नाय. पावना आला का तो आवाज बंद परतं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी मीनलकडे बघितलं. ती माझ्याकडे नाही, ग्राफकडे बघत होती. एकेक शुक्रवार वाचत होती. सहाचं 'बरं', सव्वासातची भांडी, सगळं तिचं, माझ्या सुवाच्य अक्षरात.

मतदान: एनओसीच्या बाजूने चौदा, विरोधात एक. मीनलचा हात सगळ्यात आधी वर. सेक्रेटरी म्हणून सही मलाच करावी लागली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, एवढं सगळं ऐकू येत होतं ना तुम्हाला? मग विचारलं का नाहीत एकदा? बिनशास्त्रीय प्रश्न.

५ डिसेंबर, शुक्रवार
जयदेव काल २०३ मध्ये आला. मीनल आणि राजसी सकाळी आठला सामान लावायला खाली गेल्या. मीनल म्हणाली, यापुढे शुक्रवारी मी दादाकडेच असेन, तुम्ही तुमचं ऑडिट निवांत करा.

उत्तम. प्रथमच सगळी कारणं बाजूला. जयदेव नाही. मीनल नाही. राजसी नाही. या आठवड्यात पाणीही बंद नाही, नळ धो धो. असं शुद्ध कंट्रोल कोणाला मिळत नाही. स्केल शून्यावर आहे ना, तेवढं तपासायचं म्हणून नोंदी सुरू केल्या.

८.२०: चहाचं पातेलं सापडेना. माझ्याच लेबलप्रमाणे जिथे हवं तिथे नव्हतं. दारं आपटली, दोन. २.
८.३०: अबोला, अर्धा तास. ५.
८.४५: पातेलं सापडलं. हातातून सुटलं. ६.
९.००: अबोला. ९.
९.१०: खालून हसण्याचा आवाज. हसणं मोजायला रकाना ठेवलेला नाही. 'बरं' म्हणालो, कोणाला ते माहीत नाही. ११.
९.४०: अबोला. १४. स्केल कधीच संपलंय.

घरात कोणीच नाही आणि आकडा आजवरचा सर्वांत जास्त. उपकरणात दोष आहे. सोमवारी लॉगबुक बदलून घेणे.