गॅरेजचं शटर

मंगळवार, ११ नोव्हेंबर २००३

शटर ठरलं एकदाचं. जुन्या लाकडी दाराला वाळवी लागली होती, बदलणं भागच होतं. सातपूरचा शटरवाला सकाळी माप घ्यायला आला. रंग विचारला, मी करडा म्हटलं. करडाच का? काय माहीत. त्याने हिरवा दाखवला असता तर तोही चालला असता.

मग विचारलं, "ताई, कुलूप बाहेरून ठेवू की कडी आतून?"

"आतून," मी लगेच म्हटलं. "हे हॉर्न देतात, मी आतून उघडते."

"बरं," म्हणाला आणि टेप गुंडाळून गेला. मंजिरी शेजारीच उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. यांना जाऊन तीन महिने झाले. गाडी आता तीच चालवते.

इतकी वर्षं हेच. हॉर्न वाजला की गॅस बारीक करायचा, स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचं, कडी काढायची. पावसाळ्यात दार फुगायचं, कडी अडकायची. हे बाहेरून पुन्हा हॉर्न द्यायचे आणि मी चिडायचे, "आले की!"

संध्याकाळी मंजिरी म्हणाली, "आई, तू घरात नसलीस तर मी गाडी आत कशी घेऊ? फोन कर त्याला."

बरोबर आहे तिचं. नंबरही तिनेच लावून दिला.

"बोला ताई."

कडी आतून नको, एवढंच सांगायचं होतं.

"रंग करडाच ठेवा," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.