आईच्या दोन ओळी

सेक्टर ६, भिलाई
रविवार, दि. ४ एप्रिल २०२१

चि. संघमित्रा हीस बाबांचा जय भीम व आशीर्वाद, वि. वि.

तुझे २८ मार्चचे पत्र सहाव्या दिवशी, काल शनिवारी पोचले. फोन रोज होतो, तरी रविवारचे पत्र चुकवू नये, हा आपला तीन वर्षांचा नेम आहे. बोललेले विरून जाते, लिहिलेले राहते.

तू लिहितेस, अर्धा वर्ग कॉलेज सोडून गावी गेला, मीही येते. येऊ नकोस. मंगळवारपासून आपल्या जिल्ह्यात लॉकडाऊन लागत आहे. शेजारचा विक्की मागच्या साली हॉस्टेल रिकामे झाले म्हणून असाच पॉलिटेक्निक सोडून आला. आज तो ठेकेदाराचे हेल्मेट घालून स्टील प्लँटच्या गेटवर उभा असतो आणि मला पाहून मान वळवतो. मी नववी शिकलेला माणूस. डिक्शनरी उशाला घेऊन प्लँटचे मीटर वाचायला शिकलो, आज इंजिनियर मला आकडा विचारतात. पण भिंतीवर लावायला कागद नाही. तो तुझा लागणार. शेवटचे सहा पेपर, २६ एप्रिल ते ८ मे. नागपुरात हिराआत्याच्या घरी बसून दे, मग ये.

आईला कालपासून ताप आहे, ९९.४. घाबरण्यासारखे नाही. पत्रात मितूला काय लिहू म्हणून नेहमीप्रमाणे विचारले, तर पाव तास बोलली. त्यातले कामाचे तेवढे लिहितो:

तुझी आई खुशाल आहे. अभ्यास कर, तब्येतीस जप.

घरची माया आहे तशी राहू द्यावी.
तुझा बाबा, प्रेमानंद


भिलाई
रविवार, दि. १८ एप्रिल २०२१

चि. हिरा हीस दादाचा सप्रेम जय भीम.

हे पत्र तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकत आहे, कारण घरी मितू असते, आणि फोन केला तरी ती तुझ्याशेजारीच बसलेली असते. बसून वाच. तुझी वहिनी पंचफुला काल सकाळी ११.४० ला गेली.

बुधवारी बोटावरच्या मशीनचा आकडा ९४ होता, गुरुवारी ८९, शुक्रवारी सकाळी ८१. सगळे वहीत लिहिले आहे. तीस वर्षे आकडे वाचले, पण उतरता आकडा कसा थांबवावा हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. वॉर्डात मला जाऊ दिले नाही. जाळले तेव्हाही वीस पावलांवर उभे केले.

आता नीट ऐक. आठ मेपर्यंत पोरीला कळता कामा नये. आईचा घसा बसला आहे, डॉक्टरने बोलायची मनाई केली आहे, असे मी तिला सांगितले आहे. नातेवाइकांनाही ताकीद दिली आहे. तू मला दगड म्हणशील. म्हण. गेलेली परत येत नाही. गेलेले वर्षही येत नाही. एक गमावले, दुसरे गमावणार नाही.

तुझ्यावर भार टाकतो आहे, तो सांभाळावा.
तुझा दादा


भिलाई
रविवार, दि. २५ एप्रिल २०२१

चि. मितूस आईचा जय भीम आणि लय लय पापे. आई सांगते, मी लिहितो. — बाबा.

माहा घसा बसून राह्यला, म्हणून फोन नाही. तुहे बाबा म्हणतात थोडक्यात सांग, पण आज मी त्यायचं आयकत नाही. आंगणातल्या आंब्याले यंदा इतक्या कैऱ्या लागल्या का फांदी क्वार्टरच्या भिंतीले टेकली. मी लोणचं घातलं, तं तुह्या बाबानं मीठ तराजूत मोजलं. म्या म्हटलं, माही माय मुठीनं टाके, तिचं लोणचं कधी नासलं नाही. तं म्हणतात, तुह्या मायची मूठ कोणत्या दुकानात भेटते?

कूलरच्या मागं मांजरीनं तीन पिल्लं देल्ली. एक पुरं काळं हाय, तू लहानपणी रडे तसंच रडते. बाबा म्हणतात फेकून येतो. पण वाटीत दूध कोण ठेवते, ते मले मालूम हाय.

हिराबाईच्या हातची भाजी तुले तिखट लागत असन, तं दही खात जाय. केस ओले बांधू नको. तुह्या निळ्या ड्रेसची शिलाई उसवली होती, ते मी घालून ठेवली. आली का घालजो. तू पहिल्या खेपी नागपूरले गेली, तवा डब्यात चढून वळून पाह्यलं नाही. मले लय राग आला होता. आता नाही.

पेपरले भेऊ नको. माहा जीव तुह्यापाशी हाय, तो तिथंच असू दे.
तुही आई


नागपूर
दि. ३ मे २०२१

ती. दादास हिराचा जय भीम.

तुझं पत्र मिळालं तेव्हा ड्यूटीवर होते. मोरीत नळ सोडून रडले, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. घरी आले आणि तिला चहा करून दिला. हे तू माझ्याकडून करून घेतलंस.

दोन पेपर झाले. बाकीचे चार पुढे ढकलले, आता जून म्हणतात. मग तू काय वहिनीला जूनपर्यंत जिवंत ठेवणार आहेस? लहानपणापासून तुझंच खरं, आम्ही सगळे अडाणी. पण एक सांगते. वहिनीच्या नावाचं पत्र तिला शुक्रवारी मिळालं. तिनं दोनदा वाचलं, घडी घातली, आणि तेव्हापासून आईला फोन लाव असं एकदाही म्हटलं नाही. जेवते, पुस्तक उघडून बसते, पान उलटत नाही. मला भेव वाटते, दादा. सांगून टाक.

रागावलास तरी बहीण म्हणणं सोडू नको.
हिरा


नागपूर
रविवार, दि. १६ मे २०२१

ती. बाबांस जय भीम.

रविवार आहे म्हणून लिहिते. नेम तुमचाच.

आई गेल्याचं मला ३० एप्रिललाच कळलं. आत्यानं सांगितलं नाही, तिला बोल लावू नका. तुमच्या पत्रानंच सांगितलं. तीन वर्षांत तुमची दीडशेच्या वर पत्रं आली. प्रत्येकाच्या शेवटी आईच्या दोन ओळी: खुशाल आहे, तब्येतीस जप. आणि या पत्रात दोन पानं. मांजर, लोणचं, मिठाची मूठ, सगळं तिच्याच तोंडचं. बाबा, ती जिवंत असती तर तुम्ही हे सगळं गाळलं असतं.

मी आठ तारखेपर्यंत थांबले. वाटलं, आता सांगाल. मग जूनच्या तारखा लागल्या आणि तुम्ही फोनवर म्हणालात, घसा अजून बरा नाही.

परवा कॉलेजमध्ये जाऊन नाव काढलं, टी.सी. घेतली. क्लार्क म्हणाला, या महिन्यातली तू एकविसावी. चारच पेपर उरलेत, कायले जाऊन राहिली? तुम्हाला सांगते. ज्या कागदासाठी मला आईचं तोंड पाहू दिलं नाही, तो कागद भिंतीवर मला पाहवणार नाही. आत्याच्या दवाखान्यात रजिस्टर लिहायचं काम मिळालं आहे. विक्कीला नावं ठेवू नका. तो निदान घरी होता.

एकच विचारते. तिनं मला बोलवा म्हटलं होतं का? खरं लिहा. गाळू नका.

संघमित्रा


सेक्टर ६, भिलाई
रविवार, दि. २३ मे २०२१

चि. संघमित्रा हीस जय भीम.

टी.सी.बद्दल मी काही लिहीत नाही. विचारलेस तेवढे लिहितो.

शुक्रवार, १६ एप्रिल, सकाळी ९.१०. ऑटो मिळेना म्हणून तुझ्या आईला शालीने पाठीशी बांधून स्कूटरवर नेले. चौक मागे पडला. मग म्हणाली, ओट्यावर दूध उघडे राहिले. मग म्हणाली, मितूच्या निळ्या ड्रेसची शिलाई राहिली. मग म्हणाली, "मितूले बोलवा." मी म्हटले, पेपर होऊ दे. ती म्हणाली, "पेपर तं येतच राह्यतेत. मितूले बोलवा." मी हो म्हटले. दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती हे चार वेळा बोलली आणि मी चार वेळा हो म्हटले. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता.

यातले काही गाळलेले नाही.

ड्रेसचे मात्र मी खोटे लिहिले होते. ती शिलाई आईने घातली नाही. ती गेल्यावर मी घातली. ड्रेस पार्सलने पाठवत आहे. टाके वाकडे आले आहेत. उसवून पुन्हा घालावेत.

माया उरली असेल तितकी असू द्यावी. नसेल तरी रविवारी पत्र येईल.

बाबा