बिनआवाजाची बोट

आबा, तुमचं इंजिन मी काढलं. बोटीच्या मागच्या फळीवरून सोडवलं, शेजारच्यांना हाताशी घेऊन वर आणलं आणि गोठ्यात पोत्यावर आडवं ठेवलं. त्याच्या जागी आता विजेवर चालणारी मोटर आहे. पेट्रोलची टाकीही गेली, बॅटऱ्या आल्या. हे सगळं तुमच्या लेकीनं केलं, दुसऱ्या कुणी नाही. तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतंत. घ्या आता. या खेपेला मी ऐकून घेणार नाही.

मी आठवीत असेन. उन्हाळ्यात मुळशी धरणाचं पाणी खाली गेलंय, बोट बांधायची जागा चिखलातून रोज खाली सरकतेय, आणि वर रस्त्यावर पुण्याच्या गाड्या लागल्यात. तुम्ही इंजिनाच्या दोरीला हिसके देताय. ते खोकतं आणि बंद पडतं. बोटीत बसलेली माणसं कंटाळलीत. तुम्ही घाम पुसायला वळता तेवढ्यात मी दोरी हातात घेते. "सर मागं!" तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता. "बाईमाणसानं इंजिनाला हात लावायचा न्हाई. आधीच रुसलंय ते." माणसं हसली. मी उतरले ती तडक घरी आले. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मला इंजिनाजवळ यायची मुभा असायची, तीही हळदीकुंकवाचं ताट धरायला. तुम्ही त्याला झेंडूची माळ घालायचात, नारळ त्याच्याच डोक्यावर फोडायचात, आणि पाणी ओघळत खाली धरणात जायचं. आम्हा पोरांच्या वाढदिवसाला तुम्ही कधी घरी नव्हतात, पण इंजिनाची खंडेनवमी कधी चुकली नाही. मला त्या इंजिनाचा राग होता. अजूनही आहे.

तुम्ही म्हणायचात, "आवाज पायजे. आवाज नसंल तर गिऱ्हाइकाला वाटतं बोट मेलीय." म्हणून तुम्ही त्याचं झाकणसुद्धा काढून ठेवायचात, सगळ्या काठाला ऐकू जावं म्हणून. आणि त्याच्या शेजारी तुम्ही जन्मभर बसलात. मी मारुंजीला खोली घेऊन राहायला लागले तेव्हा रोज संध्याकाळी फोन करायचे. तुम्ही म्हणायचात, "बोल, बोल." मी बोलायचे. मग तुम्ही म्हणायचात, "बरं हाय, बरं हाय," आणि फोन ठेवायचात. मला नोकरी लागली, "बरं हाय." मला ताप आला, "बरं हाय." आई सांगायची, वय झालंय त्यांचं. वय नव्हे, आबा. तुमच्याहून म्हातारी माणसं गावात कुजबुज ऐकतात. तुमचे कान त्या इंजिनानं खाल्ले, आणि तुम्ही त्याला माळा घालत राहिलात. शेवटच्या दिवसांत मला तुमच्याशी कितीतरी बोलायचं होतं. पण काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

तुमच्यामागे बोट काकांकडे गेली. त्यांनी ती चालेल तितकी चालवली. मग इंजिनाचे सुटे भाग मिळेनात, आणि बोट काठावर नुसती पडून राहिली. यंदा पावसाळ्यात वरच्या रिसॉर्टचा मालक आला. बोटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "छान आहे. लॉनवर मधोमध ठेवू, आत माती भरू, फुलझाडं लावू. लोक फोटो काढतील." काका कबूलही होऊन बसले होते. तुमची बोट, आणि तिची कुंडी! मी सुट्टीला आले होते, ते ऐकून माझं डोकंच फिरलं. मी काकांना म्हटलं, खंडेनवमीपर्यंत थांबा, मी ही बोट चालवून दाखवते, भरलेली, पलीकडे जाऊन परत. काका म्हणाले, "आन् न्हाई चालली तर?" मी म्हटलं, "तर खुशाल न्या आणि लावा झेंडू."

मी मारुंजीत बॅटरीवरच्या रिक्षा दुरुस्त करते, हे तुम्हाला मी फोनवर सांगितलं होतं, तुम्हाला ते कळलं की नाही देव जाणे. त्यामुळे मोटर नि बॅटऱ्यांशी माझी चांगली ओळख आहे. पाण्याशी नव्हती. सगळ्या बॅटऱ्या टाकीच्या जागी मागे ठेवल्या तर बोट नाक वर करून बसली, पुढचं काही दिसेना. मग वजन वाटलं, निम्म्या बॅटऱ्या पुढच्या सीटखाली सरकवल्या. प्रत्येक सुट्टीला येत होते, हात सोलपटून परत जात होते. गावातली माणसं काठावर उभी राहून विचारायची, "काय गं, चार्जिंगवर हाय व्हय बोट? मधीच उतरली तर?" मी म्हणायचे, "तर पोहत या."

खंडेनवमीला सगळे जमले. रिसॉर्टचा मालकही आला, बोट न्यायला टेम्पो सांगूनच. मोटरीशेजारी तिचं सगळं काम चालवणारी कंट्रोलरची पेटी आहे. आईला आतलं दाखवायचं म्हणून मी तिचं झाकण उघडून ठेवलं होतं. मी पूजेचं ताट आणायला वळले आणि काकांनी, तुम्ही करायचात तसंच, नारळ नेमका मोटरीच्या डोक्यावर फोडला. पाणी सरळ पेटीत. पेटीवरचा दिवा विझला. मी बटण दाबून पाहिलं, काही नाही.

"झालं," काका म्हणाले. "देवालाच न्हाई पटलं." मालकानं टेम्पोवाल्याला फोन लावला. मी म्हटलं, "देवाला मधे आणू नका. आत पाणी गेलंय, सुकवते." काका म्हणाले, "आता काय सुकवतीस? गेलं ते." तेव्हा आई उठली. तुमच्यापुढं कधी आवाज न चढवलेली आई, आबा. ती बोटीच्या टोकावर जाऊन बसली आणि म्हणाली, "तू सुकव गं. कोन बोटीला हात लावतंय ते मी बगते."

मी बॅटऱ्यांच्या तारा सोडवल्या, पेटी खोलली, नारळाचा चिकटपणा बॅटरीत घालायच्या स्वच्छ पाण्यानं धुऊन काढला आणि पेटी कातळावर उन्हात ठेवली. माणसं कंटाळून पांगली. आईनं पदरानं वारा घातला, जसा तापलेल्या लेकराला घालतात. दुपार कलल्यावर तारा जोडल्या, बटण दाबलं, दिवा लागला. मी काकांना म्हटलं, "बसा." ते बसले. आई बसली, शेजारची माणसं परत येऊन बसली, बोट भरली. सुटली तेव्हा काकांना कळलंच नाही, ते आपले दोरीला हिसका कधी बसतो याची वाट बघत होते.

ती तुमच्या इंजिनासारखी उसळत नाही, पण पळते. मधोमध गेल्यावर काका नेहमीसारखे मोठ्यानं ओरडले, "पानी लई हाय यंदा!" आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले. मग हळू बोलले, "पलीकडची गुरं हंबरत्यात. हितवर ऐकू येतंय." पलीकडे टेकून आम्ही मागे फिरलो. उतरायच्या आधी एवढंच म्हणाले, "दादाला पायजे हुतं हे."

मालक काठावर पाण्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. आम्ही त्याच्यामागे येऊन लागलो तरी त्याला पत्ता नव्हता. मी म्हटलं, "बोट न्यायला आलात ना? आधी एक फेरी मारा, मग बोलू." काकाच त्याला म्हणाले, "कुंडीसाठी दुसरं काय तरी बगा साहेब."

तेव्हापासून बोट चालतेय. आठवडाभर काका बघतात, शनिवार-रविवार मी. हिंजवडीची पोरं येतात, "दीदी, हे ऑन आहे का?" विचारतात. काहींना धडधडाटच हवा असतो, ती पुढच्या काठावरच्या बोटीकडे जातात. तेवढं तुमचं खरं निघालं. जाऊ देत. जी बसतात ती पलीकडे जाईपर्यंत एकमेकांशी हळू आवाजात बोलत असतात, आणि मी सुकाणू धरून मुद्दाम दुसरीकडे बघत बसते.

हे पत्र कुठं टाकणार? पौडला पेटीत टाकलं तर फिरून काकांच्याच हातात यायचं. राहू दे इथंच. एवढं सगळं तोऱ्यात लिहिलं खरं, पण एक सांगते, आबा. तुम्ही काठावर उभे असतात, तर त्या इंजिनाचा एक नटसुद्धा सोडवायची माझी छाती झाली नसती.