चोराच्या जागी दुसरा चेहरा लावणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
चित्रपट व संगीत चोरी प्रतिबंध कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्यास जिन्याने).

विषय : सिनेमाआधी दाखविल्या जाणाऱ्या सूचनापटातील चोराचा चेहरा बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा यापूर्वीचा अर्ज, ज्यास उत्तर आले नाही.
२) आपल्या कार्यालयाची नोटीस, जी मी मागितली नव्हती.

महोदय,

सविनय लिहितो की, मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करतो. सूचनापटातला चोर मीच आहे. परंतु मी चोर नाही. या दोन वाक्यांत विसंगती वाटल्यास खालील मजकूर वाचावा.

१. आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर माझे दोन फोटो होते. ‘चष्म्यापूर्वी’ या फोटोत मी चष्म्याविना, भिंतीवरच्या तक्त्याची चौथी ओळ वाचण्याची खटपट करीत होतो. ‘चष्म्यानंतर’ या फोटोत ती वाचता आल्यामुळे हसत होतो. इंटरनेटवरून सिनेमे व गाणी चोरू नयेत, असा सूचनापट आपल्या कार्यालयाने एका एजन्सीकडून करून घेतला. त्या एजन्सीने यातला पहिला फोटो इंटरनेटवरून, कोणाला न विचारता उचलला. त्यावर दाढीचे खुंट वाढवले, पुढे गज काढले आणि खाली लिहिले, ‘याने तुमचा सिनेमा चोरला. याला ओळखून ठेवा.’ लोकांनी ओळखून ठेवले आहे. अक्षर न लागणाऱ्या माणसाचे बारीक केलेले डोळे एवढ्या मोठ्या पडद्यावर फार बेरकी दिसतात. एजन्सीची निवड चांगली होती, हे मी नाकारत नाही.

२. रस्त्यात लोक मला थांबवतात. “ए, चष्मा काढ रे जरा,” म्हणतात. चष्मा काढला की मला समोरचे दिसत नाही, म्हणून मी डोळे बारीक करतो, आणि ओळख पटते. मग जे व्हायचे ते होते. मागच्या खेपेस वरचा दात गेला. पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेलो, तर हवालदारांनी विचारले, “कोणी मारलं?” मी म्हटले, दिसले नाही. “मग मारलं कशावरून?” मी दात दाखवला. “दात आपोआपही पडतात,” असे सांगून त्यांनी मला चष्मा काढायला लावला, आत बसलेल्या इतर हवालदारांना बोलावून मला दाखवले, आणि तक्रार न घेता जाऊ दिले. मारणारे सर्वजण तिकीट काढून सिनेमा पाहणारे प्रामाणिक नागरिक असल्याने त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

३. माझे वडील थिएटरच्या दाराशी तिकिटे फाडत निवृत्त झाले. आयुष्यात एकालाही फुकट आत सोडले नाही. त्यात मीही आलो. सूचनापट पाहून ते घरी आले. “सरकारने लावलंय म्हणजे चौकशी करूनच लावलं असणार,” एवढे धाकट्या बहिणीला म्हणाले. तेव्हापासून ते माझ्याशी धाकटीमार्फत बोलतात. “त्याला सांग, भाजी झाकून ठेवलीय.” मी समोरच बसलेला असतो. आई मात्र दोनदा तिकीट काढून जाऊन आली. सूचनापट संपला की ती उठते, सिनेमा बघत नाही. म्हणाली, “पडद्यावर बारीक दिसतोस रे. दाढी तेवढी करायची होतीस.”

४. मी संदर्भ एकचा अर्ज केला. त्यावर संदर्भ दोनची नोटीस आली. सूचनापटातील सर्व दृश्यांचे हक्क कार्यालयाचे असून त्यातला मुख्य चेहरा मी माझ्या प्रोफाइलवर विनापरवाना लावला आहे, सबब चेहऱ्याचा वापर तात्काळ बंद करावा, असे तीत म्हटले होते. मी प्रोफाइल काढून टाकले. चेहऱ्याचा रोजचा वापर बंद करणे अवघड गेले. दाढी वाढवून पाहिली, पण दाढी एजन्सीनेही वाढवलेली असल्याने साम्य वाढले. तशीच नोटीस दुकानालाही आली. मालकांनी माझा मूळ फोटो वेबसाइटवरून उतरवला. त्या दिवसापासून तिथली ‘चष्म्यापूर्वी’ची चौकट रिकामी होती.

५. येथे एक बाब नम्रपणे निदर्शनास आणतो. चोरीच्या प्रतींत आपला सूचनापट नसतो. चोर तो कापून टाकतात. त्यांनाही सिनेमाच बघायचा असतो. त्यामुळे जे लोक फुकटचा सिनेमा घरात बसून पाहतात, त्यांनी मला कधी पाहिलेलेच नाही. ते माझ्याशी चांगले वागतात. बसायला खुर्ची देतात, पाणी देतात, ‘या’ म्हणतात. म्हणजे या गावात माझ्यावर थुंकतो तो कायदा पाळणारा आणि मला चहा पाजतो तो गुन्हेगार, अशी स्वच्छ विभागणी झालेली आहे. कार्यालयाला गुन्हेगार सापडत नसल्यास मला रस्त्याने फिरवावे. जो हसून बोलेल त्याला धरावे.

६. आता मूळ मुद्दा. धाकटीचे लग्न ठरले आहे. तिचे होणारे सासरे निवृत्त मुख्याध्यापक असून, तिकिटाला पैसे मोजणारा माणूस बिनडोक असतो, असे त्यांचे मत आहे. आम्ही मुलाचे घर पाहायला गेलो, त्या दिवशी ते मला म्हणाले, “चेहऱ्यावरूनच सज्जन वाटता हो तुम्ही.” हे वाक्य मी सूचनापटानंतर प्रथमच ऐकले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, त्यावर त्यांनी “हळवेही आहेत” अशी भर घातली. नंतर अजून थिएटरांत चालू असलेला एक सिनेमा भिंतीवरच्या टीव्हीवर लावता लावता म्हणाले, “आम्हाला देणं-घेणं काही नको. माणसं सरळ हवीत, बस.”

धाकटीला मुलगा आवडला आहे. ती आता जात्यावरची ओवी म्हणावी तशी दिवसभर काहीतरी गुणगुणत असते.

७. अशात आपल्या कार्यालयाने ‘प्रामाणिक प्रेक्षक सप्ताह’ जाहीर केला. सप्ताहाचा समारोप येत्या शनिवारी, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सासऱ्यांच्याच कॉलनीच्या मैदानावर आहे. दोन मजली पडदा, मोफत सिनेमा, आणि त्याआधी सूचनापट तीन वेळा. लग्नाला आलेले सगळे पाहुणे तिथे असतील. सासरे स्वतः ‘आदर्श प्रेक्षक’ म्हणून निवडले गेले असून पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसणार आहेत. निवडीआधी तपासणीला आलेल्या आपल्या पथकाला त्यांच्या घरी चोरलेला एकही सिनेमा सापडला नाही, हे खरे आहे. ते सर्व सिनेमे त्यांनी हार्ड डिस्कसह माझ्याकडे आणून दिले होते. “घरचेच आहात. तुमच्यावर कोण कशाला संशय घेईल!” म्हणाले. डिस्क माझ्या कपाटात मोज्यांखाली आहे. सूचनापटातला मजकूर तेवढ्यापुरता आता खरा झाला आहे, याची कार्यालयाने नोंद घ्यावी.

मैदानावर माझा चेहरा दोन मजले उंच दिसला की लग्न मोडेल, हे सांगायला डोळे तपासण्याची गरज नाही. काल धाकटी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “दादा, शनिवारी तू आजारी पड ना. साधंच काहीतरी.” मी म्हटले, पडतो, पण पडद्यावरच्याचे काय करायचे? त्यावर ती रडली. वडील आतून म्हणाले, “त्याला सांग, तिला रडवू नकोस.”

८. यापुढील मजकूर व्यावसायिक स्वरूपाचा आहे. गेल्या आठवड्यात आपण आमच्या दुकानात आला होता. पावतीवर नाव नसले तरी चालेल पण पद पूर्ण लिहा, असे आपण सांगितल्यामुळे खात्री आहे. मी आपले डोळे तपासले. माझा चेहरा आपल्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. यंत्राला डोळा लावायचा असल्याने मी चष्माही कपाळावर ढकलला होता. आपण मला ओळखले नाही. उलट “बरा वाटतोस रे, चहा घेणार का?” असे विचारून माझ्यासाठीही सांगितलात. चहा चांगला होता.

आपली तक्रार अशी होती की, अलीकडे घरी सिनेमा पाहताना चित्र तिरपे दिसते, कडा अंधारतात, आणि मधूनच माणसांची काळी डोकी डावीकडून उजवीकडे जातात. “मोतीबिंदू असेल का रे?” असे आपण काळजीने विचारलेत. खोकल्याचे आवाजही येतात म्हणालात, पण तो आमचा विषय नव्हे. तपासणीअंती कळवितो की, मोतीबिंदू नाही. आपल्याला फक्त नंबर आहे. डोकी आपल्या डोळ्यांत नसून, ज्याने थिएटरात बसून तो सिनेमा चोरून चित्रित केला, त्याच्या पुढच्या रांगेत आहेत. चष्म्याने ती जाणार नाहीत. तिकीट काढल्यास जातील.

मी कोणताही आरोप करीत नाही. फक्त शनिवारी मैदानावर माझा चेहरा लागला आणि आपण शेजाऱ्याला “हा कोण?” असे विचारलेत, तर सूचनापट काढणाऱ्या साहेबांनीच तो पाहिलेला नाही, हे लोकांना कळेल, एवढी काळजी वाटते.

९. तरी विनंती की, सूचनापटातून माझा चेहरा काढावा. चौकट मोकळी राहील, ही कार्यालयाची अडचण मी समजू शकतो. त्यासाठी सोबत एक फोटो जोडला आहे. त्या दिवशी तपासणीच्या वेळी, आपण चष्म्याविना चौथी ओळ वाचण्याची खटपट करीत असताना तो काढला. डोळे माझ्याहून छान बारीक झाले आहेत. खुंट वाढवायचीही गरज पडणार नाही. जाहिरातीसाठी वापरण्यास आपली लेखी संमती घेतलेली आहे. आपण ती वाचली नाही, कारण चष्मा तयार व्हायचा होता.

एजन्सीला कळविण्याची तसदी घेऊ नये. आमच्या वेबसाइटवरची रिकामी चौकट काल सकाळी भरली. संध्याकाळी एजन्सीतल्या एका मुलाचा दुकानात फोन आला, “तुमचा जुना चेहरा लोकांच्या सवयीचा झाला, आता नवा घेतलाय, थँक्यू.” न विचारता घेतला, पण कळवले, ही त्यांची सुधारणा म्हणावी लागेल. शनिवारी तीन वेळा दाखवणार आहेत. आपण पहिल्या रांगेत आहातच.

आपल्या कार्यालयाच्या मालकीच्या चेहऱ्यामागे राहणारा,
नम्र,
(सही)
नेत्रतपासनीस

दिनांक : गुरुवार

सोबत :
१) माझा फोटो. (नोटिशीनुसार मनाई असल्याने जोडलेला नाही.)
२) आपला फोटो, ‘चष्म्यापूर्वी’.
३) आपल्या सहीचे संमतिपत्र.

ता. क. आपला चष्मा तयार आहे. शनिवारनंतर रस्त्यात कोणी काढायला सांगितला, तर स्वतःच काढून खिशात ठेवावा. त्यांनी ओढला तर काडी मोडते, आणि ती आम्ही मोफत बदलून देत नाही.