गच्चीवरच्या सळ्या

आवडी, चेन्नई. मंगळवार, ९ जून

म्हणे महेश शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सिरुसेरीला नवीन फ्लॅट घेतोय! विचारलं नाही, नुसतं कळवलं, तेही फोनवर. मग आमच्या गच्चीवर वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या काय कावळ्यांना बसायला ठेवल्यात? ह्यांनी फॅक्टरीत ओव्हरटाइम करून दोन मजल्यांचा पाया घातला तो ह्याच महेशसाठी. सळ्या गंजू नयेत म्हणून दरवर्षी पावसाआधी मी त्यांना सिमेंटचं पाणी फासते. हाताची सालं निघतात.

आणि पोराची नोकरी काय? बांधकामात सिमेंट-लोखंड कमी कसं लागेल ते कंप्युटरवर काढायचं! दिवाळीत पाहुण्यांसमोर ऐटीत सांगत होता, "जुन्या पायावर मजला चढवावा, नवीन खणूच नये." आज म्हटलं, मग चढव की रे बाबा. तर म्हणतो, "आई, ते ऑफिसचं काम. घराचं वेगळं." वेगळं कसं? ऑफिसचं सिमेंट निराळं असतं?

तमिळ सून मागून बोलली, "अत्तै, आवडी लांब पडतं." पोंगलला डबे भरून न्यायला नाही पडत!

रडणार नाही मी. त्याची बहीण सुनंदा भाड्याच्या दोन खोल्यांत पोरं घेऊन कोंबून राहते. तो नाही आला तर त्या सळ्यांवर तिचा मजला चढेल. हेही हो म्हणालेत. मग बसू दे त्याला आयुष्यभर हप्ते फेडत.

उद्या फोन करून एवढंच सांगणार: महेश, इथे राहायला येतोस की नाही ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांग. तू स्वतः, बायकोकडून नको. नाहीतर शनिवारी मिस्त्री गच्चीवर सुनंदाच्या स्वयंपाकघराचं माप घ्यायला येतोय.