टिकलीखालचं कपाळ

धारवाड, सोमवार

प्रिय वेदू,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून आजी कागदाला का लागली म्हणशील. ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर मधलं तू वाचणार नाहीस. अक्षराला हसू नकोस. माझी शाळा चौथीत सुटली, तीही कन्नड. मराठी वाचायला मी तुझ्या आजोबांच्या पंचांगावरून शिकले.

रिक्षात बसता बसता तू विचारून गेलीस की बेंगळूरच्या तुझ्या प्रदर्शनात माझ्या कपाळाचा फोटो लावू का. नुसतं कपाळ, चेहरा नाही, नाव नाही. मी म्हटलं, बघू. तुझ्या अप्पानं मात्र तिथंच डोळे वटारले, "आजीचा डाग भिंतीवर टांगणार काय गं?" तू गेलीस, पण तुझा प्रश्न इथंच राहिलाय. भाजी निवडायला बसते तरी तोच, देवापुढं बसते तरी तोच.

बरं, आधी तुझं इथल्या सभेतलं नटण्यामुरडण्यावरचं भाषण. काय बोललीस गं! सुभाष रोडला भाजी घ्यायला गेले तर तो भाजीवाला भीमसेनसुद्धा विचारतो, "काजळावर बोलली ती तुमची नात काय?" त्याचं बोलणं संपायच्या आत मी म्हणते, होय की, माझीच! तू सांगितलेला तो मिसर देशाचा राजा मला फार आवडला. एवढा मोठा राजा, नि डोळ्यांत माझ्याहून जाड काजळ. उन्हासाठी नि माश्यांसाठी घालायचे म्हणालीस ना? तुझ्या अप्पालाही मी शाळेत जाईपर्यंत काजळ घालत होते, हे मी सभेत शेजारी बसलेल्या बाईंना सांगायला गेले तर तो मागून म्हणतो, "आई, माझ्या कोर्टातले लोक बसलेत." बसू देत की. आणि जपानातल्या बायका दात काळे करायच्या म्हणालीस, तेव्हा "आमच्याही!" असं ओरडले ती मीच. माझी आज्जी रोज दातवण लावायची. हसली की जांभळं खाल्ल्यासारखी दिसायची, पण तिला तेच सुंदर. पांढऱ्या दातांची बाई दिसली की हळहळायची, हिला दातवण आणून देणारं घरात कुणी नाही वाटतं.

मग तू साहेबाच्या देशातल्या बायकांचं सांगितलंस. तोंडाला शिशाचा सफेदा लावायच्या, त्यानं कातडी जायची, नि ती झाकायला वर आणखी सफेदा. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. ती तर माझीच गोष्ट होती.

आमच्या वेळी कपाळाला मेण नि वर कुंकू. घाम आला की ओघळ नाकावर. मग हुबळीच्या दाजीबानपेठेत मखमली टिकल्यांची पाकिटं आली नि आमच्या गल्लीत पहिली टिकली मी लावली. ऐट विचारू नकोस! मुद्दाम दोनदा नळावर गेले पाण्याला. मग काही वर्षांनी टिकलीखाली मोहरीएवढं पांढरं दिसलं. मी थोडी मोठी टिकली घेतली. डाग वाढला, मी आणखी मोठी घेतली. सासूबाई एकच शब्द बोलल्या, कोड. त्या एका शब्दानं घरात काय केलं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. मायाआत्याला हुबळीच्या एका घरानं पसंत केलं होतं. मुलाच्या आईला माझ्या टिकलीच्या कडेनं पांढरं दिसलं, नि निरोप आला, रक्तात असतं म्हणे. मायाचं पुढं बेळगावात चांगलं झालं, पण त्या दिवसांत ती माझ्याशी बोलायची ती डोळ्यांकडे बघून नाही, कपाळाकडे बघून. हळदीकुंकवाला बायका एकमेकींच्या कपाळाला बोट लावतात. माझ्यापुढं आल्या की करंडा पुढं करायच्या. "लावून घ्या तुम्हीच, जयक्का." अगदी गोड आवाजात. शेजारची तानूबाईसुद्धा. मग मी जाणंच सोडलं. घरच्या लग्नातही मी आत, लाडवांच्या पराती सांभाळत.

तू शिकून आलीस नि मला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलंस. पाठीला पट्ट्या चिकटवून बघितलं नि त्या म्हणाल्या, आजी, हे कोड नव्हे, टिकलीच्या गोंदात काही असतं, त्यानं हे झालंय. आणि कोड असतं तरी काय, असं तू वर त्यांच्यासमोरच मला बजावलंस. बरोबर आहे. पण मी एवढी वर्षं टिकलीनं डाग झाकत होते, नि टिकलीच डाग करत होती! परत येताना रिक्षात मी हसत सुटले, तो रिक्षावाला घाबरला. घरी आल्यावर तुझा अप्पा म्हणाला, आपल्याला कळलं, पुरे. गावाला कोण समजावत बसणार?

आता खरी बातमी. तुझ्या भाषणानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी तानूबाई आली. आत येऊन आधी दार लावलं. "जयक्का, कुणापाशी बोलू नकोस हं," म्हणत तिनं कपाळावरची टिकली सोलली. वेदू, खाली पांढरं! माझ्याहून लहान, पण तेच. मी म्हटलं, अगं बये, मग मला करंडा पुढं करत होतीस ती कशाला? तर म्हणते कशी, "तेव्हाच तर मलाही हे होतं की. मी तुला बोट लावलं तर तूही मला लावणार. माझी टिकली सरकली असती म्हणजे?" रागवायला तोंड उघडलं नि हसूच फुटलं. तीही डोळे पुसत हसली. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी ती जुन्या हुबळीहून आपल्या भावजयीला घेऊन आली. तिलाही तेच. तिच्या मुलीला या महिन्यात बघायला येणार आहेत, नि ही बाई म्हणते मी त्या दिवशी घरात नसते, मला गावाला पाठवा. मुलगी बिचारी आईकडे बघत उभी. अगदी माझी माया.

म्हणून हे पत्र. तुझा अप्पा म्हणतो परवानगी तोंडी चालत नाही, लेखी लागते. तर हे घे लेखी. नुसतं कपाळ लावायचं नाही. पूर्ण चेहरा लाव, दात दिसतील असा, हसरा. टिकली नको, गंध नको, डाग दिसू दे. खाली मराठीत नि कन्नडमध्ये ठळक लिही, जयलक्ष्मी राघवेंद्र नरगुंदकर, धारवाड, नि डाग कशानं झाला तेही लिही, म्हणजे कुणाच्या आईला गावाला जायला नको. फोटो काढायला लवकर ये, तानूबाईही इरकल काढून बसलीय. हे सगळं मी आता तुझ्या अप्पाला वाचून दाखवलं. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला नि पार खालपर्यंत बघितला. मला वाटलं, कागद फाडतो की काय. मग खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं नि म्हणाला, "आई, सही राहिलीय."

तुझीच,
जयलक्ष्मी राघवेंद्र नरगुंदकर
(आजी)