बंधाऱ्याशेजारचा चर

जून १९८४

तीर्थरूप आप्पांना वासंतीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, काळजी नसावी. आईचा खोकला कमी झाला का?

अंडी घालायला वर जाणारे चढणीचे मासे बंधाऱ्यापाशी अडतात, म्हणून आम्ही शिबिरातल्या मुलींनी शेजारून चर खोदला. परवा नदीचं पाणी चढलं. मासे चरात शिरले आणि गावानं चराच्या वरच्या तोंडाला जाळी लावली. एकही मासा पुढं गेला नाही.

संध्याकाळी शेजारच्या कोंडाबाई मोठ्या मायेनं कालवण घेऊन आल्या. "खावा गं पोरींनो. तुमच्यामुळं यंदा लई मासं गावलं."

वाटीत गाभोळीच, म्हणजे माशांची अंडीच, जास्त होती. त्यांचं मन मोडवेना. आप्पा, मी खाल्ली.

चर बुजवावा का, ते कळवा.

तुमची,
वासंती